क्रांती आणि रविवार

(पॅरिशच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेत वक्त्याने गतकाळाचे गोडवे गावेत आणि श्रोत्यांनी माना डोलवाव्यात, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. तो आज आमच्या हातून थोडासा मोडला जाणार आहे, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. 'क्रांती आणि कामकरी माणसाचे जीवन' हा विषय आम्हांस नेमून देण्यात आला. विषय अफाट, वेळ थोडा आणि वक्ता सामान्य. तेव्हा एवढ्या समुद्रात कोणती होडी घेऊन शिरावे, या विवंचनेत आम्ही होतो. ती होडी एका अगदी क्षुल्लक प्रसंगाने मिळवून दिली.

या महोत्सवाच्या तयारीसाठी आम्हां अकरा जणांची समिती नेमली गेली, हे आपणांस ठाऊक आहेच. पहिली बैठक रविवारी मिस्सा आटोपल्यावर भरवावी असे ठरले; कारण वाडवडिलांच्या वेळेपासून पॅरिशची सर्व कामे त्याच वेळी होत आली आहेत. रविवार उजाडला आणि अकरांपैकी आलो आम्ही पाच. एका भगिनीची रुग्णालयात दिवसपाळी होती. एका तरुणाच्या दुकानात रविवारीच सर्वांत अधिक गर्दी, म्हणून त्याला सुटी मंगळवारची. एक गृहस्थ रात्रपाळी करून पहाटे परतलेले, ते गाढ झोपेत. उरलेल्यांचीही कहाणी याच मासल्याची. शेवटी आम्ही एक कागद घेतला आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या सुटीचा वार लिहिला. पाहतो तो आठवड्याचे सातही वार त्या कागदावर येऊन बसलेले! सुटी प्रत्येकाला होती. पण सर्वांना मिळून अशी एकही सुटी नव्हती. यांत कोणी आळशी नव्हता, कोणाची श्रद्धा ढळलेली नव्हती, कोणाला पॅरिशविषयी अनास्था नव्हती. मग आमचा रविवार गेला कोठे, आणि तो नेला कोणी?

या प्रश्नाचा माग काढीत आम्ही मागे मागे गेलो, तो वाटेत एकामागून एक क्रांत्याच भेटल्या. राज्य उलथून टाकणाऱ्या क्रांत्या आणि यंत्र आणणाऱ्या क्रांत्या, दोहोंनी सामान्य माणसाला पुष्कळ दिले. परंतु प्रत्येक वेळी तिचा हात प्रथम जाऊन पडला तो माणसाच्या विसाव्याच्या दिवसावर. तोच इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम रविवार म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. जुन्या करारातील विसाव्याची आज्ञा ध्यानपूर्वक वाचावी. ती केवळ घरच्या धन्याला उद्देशून नाही. दास, दासी, दाराशी आलेला परका, एवढेच नव्हे तर गोठ्यातील जनावर, या सर्वांना तीत एकाच दिवशी विसावा सांगितला आहे. आमच्या शेतकऱ्याला हे तत्त्व निराळे शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवणारा मनुष्य गावाच्या निंदेला पात्र होतो. पुढे इसवी सन ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने रविवार हा सरकारी विसाव्याचा दिवस ठरविला. त्या हुकुमातही शेतकऱ्याला मात्र हंगाम साधण्याची मोकळीक होती. तात्पर्य, धर्माने दिलेल्या या दिवसाला राजाज्ञेचीही जोड मिळाली, आणि दीड हजार वर्षे युरोपातील गरिबाच्या आयुष्याची घडी त्या एका दिवसाभोवती बसली. लग्नाची बोलणी, भांडणांची तडजोड, आजाऱ्याची विचारपूस, बाजारभावाची चौकशी, ही सर्व कामे रविवारी देवळाच्या अंगणात होत.

आता क्रांतीकडे वळू. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. त्या वर्षीच्या ऑगस्टात सरंजामदारांचे विशेष हक्क रद्द झाले आणि मनुष्यमात्राच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. जन्माने कोणी श्रेष्ठ नाही, कायद्यापुढे सर्व समान, ही गोष्ट त्या देशात प्रथमच राज्याच्या अधिकाराने बोलली गेली. या लाभाचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्यांच्या पूर्वजांनी जन्माच्या उच्चनीचतेचे चटके सोसले आहेत, त्यांनी तर ते कधीही लेखू नये.

परंतु याच क्रांतीने पुढील दोनचार वर्षांत आणखी दोन गोष्टी केल्या. जुन्या काळी सुतार, लोहार, विणकर, चांभार यांचे आपापल्या धंद्याचे संघ असत. त्यांना गिल्ड म्हणत. प्रत्येक धंद्याचा एक आश्रयदाता संत असे, त्याचा सण असे, आणि आजारी कारागिराची व त्याच्या विधवेची काळजी वाहण्याची काही ना काही व्यवस्था असे. या संघांत दोषही थोडे नव्हते. उस्तादाचा मुलगाच उस्ताद व्हावयाचा आणि बाहेरच्याने दाराशी तिष्ठत राहावयाचे, ही त्यांची रीत होऊन बसली होती. १७९१ च्या मार्चमध्ये हे संघ मोडण्यात आले. तेवढ्यावर न थांबता १४ जून १७९१ रोजी, ले शापलिए या प्रतिनिधीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा मंजूर झाला. एकाच धंद्यातील लोकांनी जमावे, अध्यक्ष वा चिटणीस निवडावा, आपल्या सामाईक हिताचा ठराव करावा, या सर्वांस त्याने बंदी केली. राष्ट्र आणि व्यक्ती यांच्या दरम्यान तिसरी मंडळी असूच नये, असा त्यामागील विचार. कागदोपत्री ही बंदी मालकांनाही होती. परंतु चार मालकांना एका जेवणाच्या मेजाभोवती भाव ठरविता येतो. चारशे मजुरांना तसे कोठे बसता येणार? कामगारांना संघ स्थापन करण्याची उघड परवानगी फ्रान्समध्ये मिळाली ती २१ मार्च १८८४ रोजी. म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा घोष करणाऱ्या त्या देशात मजुरांच्या बंधुतेला ९३ वर्षे कायद्याच्या दाराबाहेर उभे राहावे लागले.

दुसरी गोष्ट पंचांगाची. १७९३ साली क्रांतिकारकांनी नवे पंचांग काढले. महिना तीस दिवसांचा आणि आठवडा सातांऐवजी दहा दिवसांचा. दहाव्या दिवसाला 'देकादी' असे नाव देऊन तोच विसाव्याचा दिवस ठरला. घड्याळसुद्धा दहा तासांचे करण्याचा हुकूम निघाला होता, पण तो १७९५ मध्ये स्थगित करावा लागला. रविवार गेला, संतांचे सण गेले. हिशेब सोपा आहे: वर्षाचे ५२ रविवार गेले आणि त्यांच्या जागी ३६ देकादी आले. वर्षअखेरीचे पाचसहा जादा दिवस सणाचे म्हणून धरले, तरीही मजुराच्या पदरी तूटच आली. १७९८ मध्ये देकादीला दुकाने बंद ठेवण्याची सक्तीही करण्यात आली.

यापुढे जे घडले ते फार शिकण्याजोगे आहे. खेडोपाडी लोक रविवारी धुतलेले कपडे घालून बाहेर पडत, आणि देकादीच्या दिवशी मुद्दाम नांगर धरीत. यामागे धर्मनिष्ठा होती, यात शंका नाही. पण तेवढीच नव्हती. बाजार, जत्रा, नातलगांचे येणेजाणे, या सर्वांची वीण सात दिवसांच्या धाग्याने विणलेली होती. पॅरिसमधील कायद्याने तो धागा ओढून काढता येईना. अखेरीस १८०२ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांची सुटी पुनः रविवारी आली, आणि १ जानेवारी १८०६ पासून ते नवे पंचांगच बंद झाले. ज्या सत्तेने राजाचा शिरच्छेद केला तिला रविवारचा करता आला नाही!

ही झाली राज्यक्रांती. दुसरी क्रांती यंत्रांची. ती खाडीपलीकडे इंग्लंडात चालू होती, आणि तिने ना जाहीरनामा काढला ना पंचांग बदलले. १७७१ साली रिचर्ड आर्कराइट याने डर्बीशायरमधील क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या बळावर चालणारी सूतगिरणी उभारली. तोपर्यंत विणकर आपल्या घरी, आपल्या मागावर, आपल्या सोयीने काम करी. शनिवारी पैसे हाती आले आणि रविवार पार पडला की सोमवारही तो बहुधा आरामातच घालवी. इंग्लंडातील कारागीर या दिवसाला थट्टेने 'सेंट मंडे' म्हणत. आमच्या संतांच्या यादीत हा संत नाही, हे सांगावयास नकोच; पण भक्तगण मात्र त्याचा मोठा होता. गिरणीला हा संत मानवेना. पाण्याचे चाक आणि पुढे वाफेचे इंजिन फिरू लागले की सर्वांनी एकाच क्षणी हजर असले पाहिजे. घंटा आली, घड्याळ आले, उशिराचा दंड आला. सोमवार गेला, संध्याकाळ गेली, मुलांचे बालपणही गेले. १८३३ च्या कायद्याने इंग्लंडातील कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली, यावरूनच त्यापूर्वी काय चालले असेल याची कल्पना करावी. तथापि एक गोष्ट त्या देशात टिकली: जुन्या चालीमुळे आणि जुन्या कायद्यामुळे रविवारी गिरणीचे धुराडे थंड राही. पुढे १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील बायका व तरुण मुले यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबू लागले आणि त्यांच्याबरोबर बहुधा सगळी गिरणीच थांबू लागली.

आणि आता आपल्या मुंबईकडे येऊ. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. पाहता पाहता परळ, भायखळा, चिंचपोकळीच्या आकाशात धुराड्यांची दाटी झाली. रत्नागिरी, सातारा आणि घाटावरील इतर भागांतून हजारो माणसे गावची शेतजमीन मागे ठेवून या गिरण्यांत शिरली. साचे लँकेशायरचे, इंजिने लँकेशायरची, पुष्कळ ठिकाणी देखरेख करणारे साहेबही लँकेशायरचेच. सर्व काही बोटीतून उतरले; फक्त लँकेशायरचा रविवार तेवढा उतरला नाही! येथील गिरणी सूर्योदयाला सुरू व्हावयाची आणि सूर्यास्ताला थांबावयाची. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखान्यांचा कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसास नऊ तासांची मर्यादा घातली आणि त्यांना महिन्यास चार सुट्या दिल्या. प्रौढ स्त्रीपुरुषांविषयी मात्र तो कायदा मौनच धरून होता. या कायद्यामागे सारी भूतदयाच होती असेही नव्हे. मुंबईचे स्वस्त कापड ज्यांना खुपू लागले होते ते लँकेशायरचे गिरणीमालकही त्यासाठी पार्लमेंटात खटपट करीत होते. चांगली गोष्ट पुष्कळदा मिश्र हेतूंच्या हातांनीच जगात येते, हे येथे लक्षात ठेवावे.

ही कोंडी फोडणारे गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली जन्मलेले, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु' पत्राचे संपादक, आणि स्वतः गिरणीच्या कोठारावर नोकरी केलेले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या पाहा: रविवारी पूर्ण सुटी असावी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा, कामावर जखमी झालेल्यास मदत मिळावी. यांत राज्य उलथण्याची भाषा नाही. मागणाऱ्यांची गरज किती लहान आणि किती मोठी होती, हे त्या अर्ध्या तासावरून कळते.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्रियाही बोलल्या. ज्या काळी सभेत स्त्रीने उभे राहणे हेच नवल, त्या काळी गिरणीत राबणाऱ्या बाया हजारोंपुढे रविवार मागत होत्या; ही गोष्ट आमच्या मुलींना शाळेत अवश्य सांगितली जावी. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या सुधारलेल्या कायद्याने साप्ताहिक सुटीला सरकारी शिक्का मिळाला.

येथे एक विचार मनात येतो. सुटीचा रविवार मागणाऱ्या या मंडळींत ख्रिस्ती फार थोडे होते. खंडोबाचा वार म्हणून रविवार पाळणारे, जेजुरीची वारी करणारे हे बहुसंख्य लोक. त्यांनी लढून मिळविलेल्या दिवशी आमची देवळे भरत आली. मुंबईच्या कामकरी वस्तीत आमच्या आज्यापणज्यांनी ज्या निर्वेधपणे रविवारची मिस्सा ऐकली, त्यात लोखंडे यांच्या त्या अर्जाखाली निशाणीचा अंगठा उठविणाऱ्या अनोळखी माणसांचाही वाटा आहे. महोत्सवात उपकारकर्त्यांची नावे वाचतात. ही नावे आपणांस ठाऊक नाहीत, पण ऋण मात्र आहे.

मुंबईत हे घडल्यावर अकरा महिन्यांनी, १५ मे १८९१ रोजी रोम येथून पोप लिओ तेरावे यांचे 'रेरूम नोव्हारूम' हे प्रसिद्ध पत्र निघाले. मजुराला कुटुंब पोसण्याइतके वेतन मिळावे, त्याला आपले संघ स्थापन करता यावेत, आणि रविवारी व सणांच्या दिवशी त्याला विसावा मिळावा, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. ध्यानात घ्यावे की संघ आणि विसावा या दोन्ही गोष्टी तेथे जवळजवळ आहेत. १७९१ साली जे काढून घेतले गेले, त्याची बरोबर शंभर वर्षांनी पुनः मागणी झाली. फ्रान्समध्ये आठवड्याच्या विसाव्याचा कायदा झाला तो त्याहूनही पुढे, १३ जुलै १९०६ रोजी. त्याच्या चारच महिने आधी कूरिएरच्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन १,०९९ माणसे दगावली होती आणि कामकऱ्यांच्या हालांनी सारा देश हादरला होता.

पुष्कळांस वाटेल की येथे कथा संपली. पण यंत्राची एक खोड अशी की प्रत्येक नवी सोय प्रथम मालकाच्या उपयोगी पडते आणि नंतर, भांडल्यावर, मजुराच्या. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा काय झाले? सूर्यास्ताची जुनी मर्यादाच नाहीशी झाली आणि तेजीच्या दिवसांत काम चौदापंधरा तासांवर गेले. मग १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्यास साठ तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत चौपन्न, आणि स्वतंत्र हिंदुस्थानच्या १९४८ च्या कायद्याने अठ्ठेचाळीस तास ठरले. त्या १९४८ च्या कायद्याने आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, हाच मुळात सुटीचा धरला होता.

आता तिसरी क्रांती पाहू. कारण आमच्या समितीच्या त्या कागदाचे कोडे उलगडते ते येथे. १९१७ मध्ये रशियात राज्यक्रांती झाली आणि काही वर्षांनी त्या सत्तेने मोठ्या वेगाने कारखाने उभारण्याचे मनावर घेतले. म्हणजे राज्यक्रांती आणि यंत्रक्रांती या दोघी बहिणी तेथे एकाच घरात नांदू लागल्या. १९२९ साली सरकारने ठरविले की यंत्र एक दिवसही थांबता कामा नये. म्हणून आठवडा पाच दिवसांचा करून कामकऱ्यांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला, आणि प्रत्येक गटाची सुटी वेगळ्या दिवशी ठेवली. आता हिशेब करा. सात दिवसांतून एक सुटी होती, ती पाचांतून एक झाली. विसावा वाढला! फ्रान्सच्या क्रांतीने तो कमी केला, या क्रांतीने अधिक दिला. मग लोक संतुष्ट झाले असतील?

मुळीच नाही. नवऱ्याचा रंग पिवळा तर बायकोचा हिरवा, आणि मुलाच्या शाळेची सुटी तिसऱ्याच दिवशी. घरी सुटी घेऊन बसावे तर घरात माणूस नाही. मित्राकडे जावे तर तो कामावर. देवळात जावे तर रविवार म्हणून काही उरलेलेच नाही. कारखान्यांनाही हे मानवले नाही. एक यंत्र अनेकांच्या हातून फिरू लागले, तेव्हा बिघाडाला जबाबदार कोणीच नाही. १९३१ अखेर ती पद्धत गुंडाळून सर्वांना एकच सुटी असलेला सहा दिवसांचा आठवडा आणावा लागला, आणि २६ जून १९४० च्या हुकुमाने सात दिवसांचा आठवडा व रविवार पुनः आला. देवाचे नाव पुसू पाहणाऱ्या सत्तेलाही विसाव्याच्या बाबतीत जुन्याच वाटेने परतावे लागले.

बंधुभगिनींनो, या तीन कथांतून निघणारे सार आम्हांस असे दिसते. विसाव्यात दोन वस्तू असतात: एक फुरसत आणि दुसरी संगत. फुरसत एकेकट्याला देता येते; संगत सर्वांना एकदमच द्यावी लागते. क्रांती माणसाला जुन्या बंधनांतून सोडविते, हे तिचे मोठे पुण्य. परंतु सोडविताना ती पुष्कळदा त्याला एकटाही करून टाकते, आणि एकटा मनुष्य स्वतंत्र असूनही दुबळा असतो. ले शापलिएच्या कायद्याने कारागिराची मंडळी नेली, देकादीने त्याचा मेळाव्याचा दिवस नेला, रशियाच्या रंगीत आठवड्याने सुटी देऊन सोबत नेली. आणि ती परत मिळाली कशी? सभा भरवून, सह्या गोळा करून, म्हणजे पुनः एकत्र जमूनच. मुंबईच्या कामगारांजवळ तर जमण्याचा दिवसच नव्हता. तरी तो मागण्यासाठी ते आधी जमले! आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२१ साली साप्ताहिक विसाव्याचा जो करार केला, आणि जो हिंदुस्थानने १९२३ मध्ये मान्य केला, त्यात हे मर्म ओळखलेले आहे. सात दिवसांत सलग चोवीस तास विसावा असावा, एवढेच तो म्हणत नाही. शक्य तेथे तो सर्व कामकऱ्यांना एकाच वेळी मिळावा, आणि देशाच्या किंवा प्रांताच्या चालीरीतीने ठरलेल्या दिवशी मिळावा, असेही सांगतो.

आणि आता आजची स्थिती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि भोंगे मुके झाले. गिरणगावातील त्या जमिनींवर पुष्कळ ठिकाणी कचेऱ्या आणि मॉल उभे राहिले आहेत. मॉलमध्ये सर्वांत अधिक काम कोणत्या दिवशी असते? रविवारी. ज्या भूमीवर १८९० साली रविवार जिंकला, त्याच भूमीवर तो पुनः हातचा गेला. आणि या वेळी कोणी कायदा मोडला नाही, कोणी पंचांग बदलले नाही. आमच्या तरुणांना सुटी आहे, पण ती पाळीपाळीने. मोबाइलवरील हुकुमाप्रमाणे दारोदार खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या मुलाला तर सुटी घेण्याची पूर्ण मुभा आहे, मात्र घेतली की त्या दिवसाची कमाई गेली. रशियाच्या कारखान्यात रंग सरकार वाटीत असे. आज ते कोण वाटतो, हेही नीट दिसत नाही. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेताना लिओ तेराव्यांच्या त्या पत्राची आठवण काढली, आणि विचार करणाऱ्या यंत्रांच्या या नव्या क्रांतीत श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुनः उभा राहिला आहे, असे सांगितले. यावरून हा प्रश्न केवळ आपल्या पॅरिशचा नाही, हे उघड आहे.

मग आपण काय करावे? आम्ही पंडित नाही आणि पुढारीही नाही. परंतु तीन गोष्टी सुचविल्यावाचून राहवत नाही.

पहिली गोष्ट आपल्या स्वतःच्या घरची. आपला रविवार गेला म्हणून हळहळणारे आपणच, रविवारी दुपारी घरबसल्या जेवण मागवितो आणि सामान रविवारीच घरपोच व्हावे असा हट्ट धरतो. आपल्या सोयीखाली कोणाचा तरी रविवार चिरडला जात नाही ना, एवढे प्रत्येकाने पाहावे. विसाव्याची आज्ञा दासदासींसाठीही होती, हे आरंभी सांगितलेच आहे. आणि घरातील स्त्रीचे काय? पुरुषांची सुटी म्हणजे तिचे दुप्पट काम, अशी रीत कित्येक घरांत अजून चालू आहे. गिरणीवाल्याने १८९० मध्ये जे मान्य केले, ते काही कुटुंबप्रमुखांनी अद्याप मान्य केलेले नाही!

दुसरी गोष्ट पॅरिशची. परिचारिका, पोलीस, रेल्वेचे नोकर, पहारेकरी यांचे काम रविवारी थांबणे शक्य नाही. थांबले तर आपल्याच जिवावर बेतेल. त्यांना गैरहजेरीबद्दल बोल लावणे हा अन्याय होय. उलट त्यांच्या सुटीचा वार कोणता, हे पॅरिशने विचारून लिहून ठेवावे आणि त्या वारी कोणी तरी त्यांच्या घरी जाऊन बसावे. शनिवारच्या संध्याकाळची मिस्सा त्यांच्या वेळेला जुळते की नाही, हेही पाहावे. मंडळीकडे येणे ज्याला शक्य नाही, त्याच्याकडे मंडळीने गेले पाहिजे.

तिसरी गोष्ट एकत्र मागण्याची. ज्यांचे काम रविवारी थांबू शकते, पण केवळ चढाओढीपायी थांबत नाही, त्यांनी एकेकट्याने धन्यापुढे उभे राहू नये. महिन्यातून निदान एक रविवार सर्वांना मिळून मिळावा, एवढी साधी मागणी घेऊन एका दुकानातील, एका कचेरीतील सर्व धर्मांच्या माणसांनी मिळून जावे. १८८४ चा अर्ज याहून मोठा नव्हता.

आमच्या समितीचे पुढे काय झाले, हे सांगून हे लांबलेले व्याख्यान संपवितो. एकही वार जुळेना, तेव्हा रुग्णालयातील त्या भगिनीने एका सोबतिणीशी पाळी बदलून घेतली. दुकानातील तरुणाने मालकाला विनंती करून दोन तास मोकळे करून घेतले. रात्रपाळीच्या गृहस्थांनी झोप मोडली. आणि आम्ही पाच रिकामटेकड्यांनी आपापल्या सोयी बाजूला ठेवल्या. एका गुरुवारी रात्री साडेनऊ वाजता आम्ही अकराच्या अकरा जण देवळाच्या ओट्यावर बसलो. काम अर्ध्या तासात झाले, पण उठावेसे कोणास वाटेना. घरोघरची विचारपूस, जुन्या आठवणी, थट्टामस्करी यांत अकरा वाजून गेले. वार गुरुवार होता. पण पुष्कळ दिवसांनी आम्हांस रविवार लाभला.

या पॅरिशमधील प्रत्येक घराला तो लाभो, आणि आपल्यामुळे दुसऱ्या कोणाच्याही घरातून तो न जावो, अशी प्रभूच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.